राखणदार कोण?

नारळाचा भाव वाढला म्हणजे बागायतदाराच्या घरी समाधान नांदावे, असा साधा हिशेब आहे. २०२४ च्या अखेरीस नारळाच्या भावाने जी उचल खाल्ली, तिने गृहिणी हवालदिल झाल्या. पण निदान माडाच्या धन्याला तरी चार पैसे अधिक मिळतील, असे सर्वांना वाटले होते. प्रत्यक्षात गोव्यातील आणि तेरेखोलच्या पलीकडील सिंधुदुर्गातील लहान बागायतदाराला या भाववाढीने पैशाबरोबर धास्तीही दिली. भाव चढला की चोराची नजरही वर जाते. पाडेली येण्याच्या आदल्या रात्री माड रिते होतात आणि सकाळी कुंपणापाशी सोललेल्या नारळांच्या सोडणांचा ढीग तेवढा धन्याच्या स्वागताला उरतो. काजूच्या हंगामात बिया वेचायला धनी पोहोचण्यापूर्वीच कोणी तरी झाडाखालून फिरून गेलेले असते. अंगणात वाळत घातलेल्या सुपारीसाठी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सोप्यावर रात्री जागून काढाव्या लागतात. गोठ्यातील शेळी, खुराड्यातील कोंबडी आणि रस्त्याच्या कडेला रवंथ करीत बसलेली गाय यांचीही शाश्वती उरलेली नाही.

या चोऱ्यांना आपल्याकडे ‘भुरट्या’ म्हणून मोकळे होण्याची पद्धत आहे. चोरीला गेलेल्या मालाची किंमत पाहिली तर तो शब्द खोटा नाही. परंतु चोरीचे मोल चोराच्या पदरात काय पडले यावरून करावयाचे, की ज्याचे गेले त्याच्यावर काय ओढवले यावरून? पंचवीस-तीस माडांचा धनी वर्षाकाठी चार पाडण्यांच्या भरवशावर असतो. त्यातली एक पाडणी चोराने केली तर वर्षाच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा गेला. खत घातले ते त्याने, आळी केली ती त्याने, उन्हाळ्यात पाणी दिले ते त्याने. खर्चाचा एकही पैसा चोराबरोबर जात नाही. म्हणजे जे गेले ते उत्पन्न नसून बहुतेक वेळा नफाच असतो. ज्या विधवेचे घर दोन दुभत्या गाईंच्या आणि सहा शेळ्यांच्या बळावर चालते, तिच्या गोठ्यातून एका रात्रीत दोन शेळ्या गेल्या तर तिच्या दृष्टीने तो दरोडाच होय.

याहून गंभीर परिणाम पुढेच आहे. दोन-तीन वर्षे असा अनुभव घेतलेला शेतकरी बोलत नाही, तक्रार करीत नाही; तो हळूहळू शेती सोडतो. प्रथम मिरची-भाजी लावणे बंद होते, मग कुळागराच्या टोकाचा भाग रानाला सोडून दिला जातो, मग गोठा रिकामा होतो आणि अखेर सारी जमीन पडीक राहते. गोव्यातील पडीक जमिनीचे पुढे काय होते, हे या भूमीत राहणाऱ्या कोणालाही सांगावयास नको. शेतजमिनी बिगरशेतकऱ्यांच्या हाती जाऊ नयेत म्हणून २०२३ साली गोवा विधानसभेने भातशेतीच्या जमिनीच्या हस्तांतरणावर निर्बंध घालणारा कायदा केला. त्या कायद्याचा हेतू स्तुत्य आहे. परंतु कायदा फार तर जमीन विकू देणार नाही, ती कसायला लावू शकणार नाही. पेरलेले आपल्या घरी येईल, एवढी खात्री ज्याला नाही तो मनुष्य नांगर धरणार नाही. जमीन राखण्याचा प्रश्न म्हणूनच पीक राखण्याच्या प्रश्नापासून वेगळा करता येत नाही.

नैसर्गिक आपत्तीने पीक गेले तर शासनाकडे नुकसानभरपाईचा अर्ज तरी करता येतो. चोराने नेले तर तीही सोय नाही. पंतप्रधान पीक विमा योजनेने टाळता येण्याजोगी हानी विम्याच्या कक्षेबाहेर ठेवलेली आहे, आणि चोरी ही टाळता येण्याजोगीच हानी समजली जाते. टाळायची कोणी आणि कशी, हा प्रश्न अर्थातच शेतकऱ्याच्या गळ्यात राहतो.

अशा वेळी पहिले बोट पोलिसांकडे वळते. ते वळणे गैर नाही. तथापि कायद्याची सध्याची स्थिती काय आहे, हे शेतकऱ्याने नीट समजून घेतले पाहिजे. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. या नव्या व्यवस्थेत चोरीला गेलेल्या मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल तर साध्या चोरीचा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र ठरतो. म्हणजे पोलिसांनी तक्रारीची नोंद करायची आणि तक्रारदाराला दंडाधिकाऱ्याकडे जाण्यास सांगायचे. दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून तपास करण्याचा अधिकार त्यांना नाही. शंभर नारळ गेले, दोन-तीन कुळवभर काजूबिया गेल्या, चार कोंबड्या गेल्या, तरी रक्कम पाच हजारांच्या आतच राहण्याचा संभव अधिक. दोनशे रुपये खर्चून पोलीस ठाण्यावर गेलेला शेतकरी एक कागद हाती घेऊन परत येतो आणि पुढल्या खेपेला जाण्याचे टाळतो. ‘पोलीस काही करीत नाहीत’ हे त्याचे अनुमान त्या अनुभवातून आलेले असते.

किरकोळ गुन्ह्यांच्या ओझ्याखाली पोलीस आणि न्यायालये वाकू नयेत, हा या तरतुदीमागील हेतू आम्हांला समजतो. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्या आणि माल वा त्याची किंमत परत करणाऱ्या मनुष्याला अशा प्रकरणी तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा द्यावी, असेही नव्या संहितेत म्हटले आहे. तेही माणुसकीला धरून आहे. परंतु शहरातील पाच हजार आणि कुळागरातील पाच हजार यांचे वजन एक नाही, ही गोष्ट कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात आलेली दिसत नाही. शेतमाल आणि पशुधन यांच्या चोरीसाठी ही मर्यादा शिथिल करावी, अशी मागणी गोव्याच्या आणि महाराष्ट्राच्या लोकप्रतिनिधींनी दिल्लीत लावून धरली पाहिजे.

मात्र कायदा बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. याच संहितेत दुसरीही कलमे आहेत. टोळीने केलेल्या चोऱ्यांना कलम ११२ खाली एक ते सात वर्षांपर्यंत कैद सांगितलेली आहे. राहत्या घरातून किंवा माल साठविण्याच्या इमारतीतून झालेली चोरी कलम ३०५ खाली येते आणि तिथेही सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. चोरीचा माल आहे असे माहीत असून, किंवा तसे मानण्यास कारण असून, तो विकत घेणाऱ्याला कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते; आणि ज्याने हा धंदाच मांडला असेल त्याला तर दहा वर्षे किंवा जन्मठेप. शस्त्रे आहेत, ती उचलण्यासाठी लागणारा पुरावा मात्र नाही. आणि हा पुरावा पोलीस ठाण्यात बसून तयार होणारा नव्हे, तो गावातच तयार व्हावा लागतो.

एक उदाहरण घेऊ. एका गावात डिसेंबरपासून मेपर्यंत तीस घरांचे नारळ, सुपारी वा काजू चोरीस गेले. तीसपैकी सत्तावीस जण गप्प बसले, तिघांनी तक्रार केली, आणि त्या तिन्ही तक्रारी दोन-अडीच हजारांच्या म्हणून अदखलपात्र ठरल्या. पोलिसांच्या दप्तरी त्या गावात फारसे काही घडलेच नाही. याउलट तीसही घरांनी तारीख, वेळ, जागा, मालाचा अंदाज आणि त्या रात्री रस्त्याने गेलेले वाहन एवढी नोंद एका वहीत केली असती तर काय दिसले असते? चोऱ्या एकाच वाडीच्या बाजूने होतात, आठवडी बाजाराच्या आदल्या रात्री होतात, एकच टेंपो दर वेळी वस्तीच्या टोकाला उभा असतो, असे काही तरी सूत्र निश्चित हाती लागले असते. मग ती टोळी ठरते, मग कलम ११२ चा विचार पोलिसांना करावा लागतो. एकेकट्याची तक्रार जेथे अदखलपात्र ठरते, तेथे साऱ्या गावाच्या नोंदीची दखल घेणे भाग पडते. आजच्या अग्रलेखात आम्हांला मुख्यतः हेच सांगावयाचे आहे.

गावाने मिळून राखण करणे ही काही आमच्या परंपरेला परकी कल्पना नाही. पेशवाई बुडाल्यावर जिंकलेल्या मुलखाविषयी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात मराठी मुलखातील गावराखणीचे वर्णन आहे. चोरी झाली की गावच्या जागल्याने चोराचा माग काढायचा. माग शेजारच्या गावाच्या शिवेत गेला की त्या गावाच्या जागल्याने तो पुढे न्यायचा. आणि ज्या गावात माग लुप्त होईल त्या गावाने चोरीची जबाबदारी पत्करायची. चोर आमच्या गावचा नाही, असे म्हणून कोणाला अंग झाडता येत नसे. गोव्यात हेच काम गावकरी संस्थेच्या छत्राखाली चाले. १५२६ साली अफोन्सो मेशिया यांनी या संस्थेच्या रूढी पोर्तुगीजांसाठी लेखनिविष्ट केल्या, म्हणजे ती संस्था त्यापूर्वीची आहे हे उघड आहे. खाजनाचे बांध, मानशी, तळी, देवळे आणि गावसेवक यांची व्यवस्था सामायिक उत्पन्नातून होत असे. शेत एकाचे असले तरी बांध सर्वांचा असे.

आमच्या लोकश्रद्धांमध्येही या विचाराने घर केलेले आहे. गोमंतकातील कित्येक गावांचा एक राखणदार असतो. हाती दंड, खांद्यावर कांबळे घेऊन तो रात्री गावाची शीव फिरतो, असे मानले जाते. सिंधुदुर्गात आरवलीच्या वेतोबाला भक्त भल्यामोठ्या चपला वाहतात. देव रात्रभर गस्त घालतो, त्याच्या चपला झिजतात, ही त्यामागील श्रद्धा. या श्रद्धेचा उपहास आम्ही करणार नाही. तिच्यात एक अर्थ आहे. गाव झोपलेले असताना कोणी तरी जागे असले पाहिजे, ही जाणीव पिढ्यान् पिढ्या जपण्याचे काम तिने केले. आज मात्र देवाला चपला वाहून आपण स्वतः दार लावून घेतो, एवढाच फरक पडला आहे.

जुनी घडी जशीच्या तशी पुन्हा बसवावी, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. ती निर्दोष नव्हती. रात्री जागण्याचे काम जन्मावरून ठराविक जातींच्या माथी मारलेले होते आणि राखलेल्या पिकात त्यांचा वाटा मात्र मूठभरच होता. गावकरी संस्थेत गावाच्या मूळ घराण्यांतील पुरुषांनाच स्थान होते. कष्ट करणारे कूळ तिच्या बाहेर उभे होते. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ साली त्याला जोडली गेलेली ‘कसेल त्याची जमीन’ ही तरतूद यांनी हा अन्याय दूर करण्याचा प्रयत्न केला, हे योग्यच झाले. परंतु मालकी बदलली तेव्हा मालकीबरोबर येणारी सामायिक जबाबदारी कोणी उचलायची, याचा विचार मागे पडला. कोमुनिदादीचा हात सुटला. कूळ संघटना स्थापन झाल्या, पण त्यांतल्या अनेक आज मानशीच्या पावणीपुरत्या जिवंत आहेत. पोर्तुगीज अमदानीतील रेजिदोर गेला, त्याच्या जागी गावात राहणारा दुसरा कोणी आला नाही. सिंधुदुर्गात निदान १९६७ च्या कायद्याने नेमलेला पोलीस पाटील आहे; गोव्यात तोही नाही.

त्यात गावाचे रूपही पालटले. धाकटी पिढी पणजी, मडगाव, मुंबई, आखात येथे नोकरीला. मोठमोठी घरे कुलूपबंद. पाडेली मिळत नाहीत म्हणून तयार नारळ महिनोन् महिने माडावरच. चोराला याहून अनुकूल परिस्थिती कोणती हवी? चोर आपली रात्रही ओळखून असतो. सारा गाव जत्रेला किंवा दशावतारी नाटकाला लोटतो ती रात्र, किंवा कौलांवर पावसाचा मारा चालू असतो ती रात्र. तरीही माडावरून पडणाऱ्या नारळाचा आवाज रात्रीच्या शांततेत चार घरांना ऐकू जातो, ही गोष्ट खेड्यात राहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे. ज्याचा माड तो मुंबईत असेल. परंतु ज्यांच्या कानी तो आवाज पडतो ती चार घरे गावातच असतात. ‘आपला माड नव्हे ना’ एवढे अंधारात ताडून पुन्हा डोळे मिटणे, हेच आजच्या चोराचे सर्वांत मोठे भांडवल आहे.

यावर उपाय योजताना फार मोठ्या योजनांची गरज नाही. पहिली गोष्ट म्हणजे ग्रामसभेने ठराव करून शेतकरी, बागायतदार, दूधउत्पादक आणि महिला यांची एक राखण समिती नेमावी व तिच्याकडे वर सांगितलेली चोऱ्यांची वही द्यावी. वहीतील प्रत्येक नोंद लेखी स्वरूपात पोलीस ठाण्यात दिली जावी आणि तिची पोच घ्यावी. अदखलपात्र तक्रारींची दैनंदिनी पोलिसांनी दर पंधरवड्यास दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावी, असे नव्या संहितेतच म्हटलेले आहे. तेव्हा दिलेला कागद वाया जात नाही. आपल्या भागाच्या शिपायाने रविवारी भरणाऱ्या ग्रामसभेला उपस्थित राहून त्या वहीवर काय केले ते सांगावे, अशी प्रथा पोलीस खात्याने पाडावी.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. चोराने नेलेले नारळ तो खात नाही, विकतो. काजूबियांना आणि सुपारीला खरेदीदार लागतो. चोरीची वाट शेतातून निघते आणि तराजूपाशी संपते. तेव्हा पहारा तराजूवर हवा. बागायतदारांच्या सहकारी संस्था सभासदाच्या नावाने पावती करूनच माल घेतात. त्यांच्या दप्तरावरून माल कोणाचा ते कळते. अडचण रस्त्याकडेच्या खासगी खरेदीत आहे. ज्याच्या नावे गुंठाभर बागायत नाही असा मनुष्य रोज पाच-दहा किलो बिया आणतो आणि दुकानदार ‘कुठून आणल्यास’ असे विचारीत नाही, तेव्हा दुकानदार अज्ञानी नसून सोयीस्कर मौनी असतो. प्रत्येक खरेदीदाराने विकणाऱ्याचे नाव, गाव, वजन आणि तारीख यांची वही ठेवावी, अशी अट पंचायतीने व्यापार परवान्याला जोडावी. चार प्रामाणिक दुकानदारांनी आपण होऊन ती पाळली तरी पाचवा उघडा पडेल. आणि ग्राहकानेही एक पथ्य पाळावे. बाजारभावाच्या निम्म्याने मिळणारा नारळ स्वस्त नसतो. त्याची उरलेली किंमत आपल्याच गावातील कोणी तरी भरलेली असते.

तिसरी गोष्ट पाडणीची. माल माडावर जितका अधिक काळ राहील तितका धोका अधिक. एकेका बागेसाठी पाडेली मिळत नसेल तर वाडीने मिळून दिवस ठरवावेत, सहकारी संस्थेने पाडेल्यांची जोडी किंवा यंत्र आणावे आणि पाडलेला माल त्याच दिवशी बंदिस्त खोलीत जावा. माडावरच्या नारळाची चोरी आणि कोठारातील नारळाची चोरी यांत कायदा भेद करतो, हे आपण पाहिलेच. जे धनी परगावी आहेत त्यांनी राखणीसाठी शेजाऱ्याला रीतसर वाटा द्यावा. कूळ संघटनांनीही मानशीच्या पावणीतून येणाऱ्या पैशाचा काही भाग हंगामी राखणदाराच्या पगारासाठी काढून ठेवावा. हा राखणदार पगारी, नोंदणीकृत आणि सन्मानाचा हवा. पूर्वीसारखा वेठीचा नको. पुणे व नाशिक जिल्ह्यांत ग्राम सुरक्षा यंत्रणेद्वारे एका दूरध्वनीने सारे गाव जागे करण्याची सोय झालेली आहे. आपल्याकडे घरटी दोन-दोन भ्रमणध्वनी असताना हे अवघड का व्हावे?

गुराढोरांचा प्रश्न थोडा निराळा आहे आणि तो अधिक संयमाने हाताळावयास हवा. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमाखाली गुरांच्या कानात बारा आकडी क्रमांकाचा पिवळा बिल्ला मारला जातो. तो क्रमांक म्हणजे जनावराच्या मालकीचा सहज मिळणारा पुरावा होय. प्रत्येक गोपालकाने आपल्या जनावरांचे क्रमांक, रंग, शिंगांची ठेवण यांची नोंद आणि एक छायाचित्र दूधसंस्थेत ठेवावे. जनावर हरवले तर तासाभरात तो क्रमांक पोलीस आणि तपासणी नाके यांच्यापर्यंत पोहोचला पाहिजे. परंतु सकाळी दूध काढून घ्यायचे आणि गाय दिवसरात्र हमरस्त्यावर सोडून द्यायची, ही रीत आपल्या समाजात सर्रास आहे, हेही येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. गाईला माता म्हणणाऱ्यांनी तिला वाहनांच्या आणि चोरांच्या हवाली करावे, यासारखा दांभिकपणा दुसरा नाही. पूर्वी गाव मिळून एक गुराखी ठेवीत असे आणि धान्याने त्याची मजुरी भागवीत असे. आज दूधसंस्थेने तसा एक मनुष्य पगारावर ठेवण्यास काय हरकत आहे?

गुरांच्या चोरीला धर्माचा रंग देण्याचा मोह काहींना होतो. त्यांना आमचे सांगणे असे की, चोराला जात आणि धर्म चिकटविला की खरा चोर निसटतो आणि निरपराध मनुष्य सापडतो. ज्या गोठ्यातून वासरू जाते त्या गोठ्याची माहिती देणारा बहुधा गावातलाच असतो. परप्रांतातून मजुरीसाठी आलेल्या प्रत्येकाकडे चोर म्हणून पाहणे हेही तितकेच अन्यायाचे आहे. आज आमच्या बागा त्यांच्याच हातांनी शिंपल्या जातात, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातील आंब्याच्या बागा हंगामात नेपाळहून आलेले लोकच राखतात.

याच संदर्भात एक इशारा देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. सामूहिक राखण आणि सामूहिक मारहाण यांमधील अंतर अंधाऱ्या रात्री फार थोडे असते. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे, चोर फिरत असल्याच्या अफवांनी बिथरलेल्या जमावाने रस्त्याने जाणाऱ्या दोन साधूंचा आणि त्यांच्या चालकाचा बळी घेतला. ते चोर नव्हते. आणि असते तरी त्यांना ठार मारण्याचा अधिकार कोणाला नव्हता. आपल्या डोळ्यांदेखत अजामीनपात्र व दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला नागरिक पकडू शकतो, पण सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या स्वाधीन करण्याचे बंधन त्याच्यावर आहे. पाच हजारांच्या आतल्या साध्या चोरीला तर तोही अधिकार लागू नाही. तेथे हाक मारावी, उजेड पाडावा, वाहनाचा क्रमांक टिपावा, पोलिसांना बोलवावे. यापलीकडे हात जाऊ नये. बागेच्या कुंपणात विजेची तार सोडणे किंवा बंदुकीचे सापळे लावणे हा तर उघड गुन्हा होय. अशा तारेला चोरापेक्षा शेजाऱ्याचे मूल आणि पाणी लावायला उठलेला मजूरच अधिक बळी पडतात. म्हणून राखण समितीच्या गस्तीत किमान चौघे असावेत, त्यांची नावे पोलीस ठाण्यात असावीत, आणि हाती विजेरी व शिट्टी याखेरीज काही नसावे.

भूक आणि हाव यांतील भेदही गावाने ओळखावा. काजूच्या रानातून जाणाऱ्या वाटसरूने बोंडू खावा आणि बी झाडाखाली ठेवावी, ही आमच्याकडची जुनी रीत. जिभेचा हक्क तिने मान्य केला आणि धन्याचा हक्कही राखला. आज बोंडू टाकून बी नेली जाते, यावरून काळ किती फिरला ते कळते. तथापि दहा बिया खिशात घातलेल्या पोराला पोलीस ठाण्यात खेचणे हा शहाणपणा नव्हे. त्याला ग्रामसभेतील चार वडीलधाऱ्यांसमोर उभे करावे आणि ज्याचे नुकसान झाले त्याच्या बागेत चार दिवस हाताशी उभे राहण्यास त्याच्या आईबापांनीच त्याला सांगावे. टेंपो घेऊन येणाऱ्यांसाठी मात्र कायद्याचा पूर्ण हात हवा. गाव एकत्र असेल तर हा विवेक करता येतो. विखुरलेल्या गावाला एक तर सारे सोसावे लागते, नाही तर संतापाच्या भरात भलतेच काही हातून घडते.

हे सर्व पंचायतींवर आणि शेतकऱ्यांवर टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही. रात्रीच्या गस्तीसाठी पोलिसांची वाहने कमी पडतात, गावांच्या सीमेवरील रस्त्यांवर दिवे नाहीत, गुरांच्या वाहतुकीचे दाखले तपासण्याचे काम नाक्यांवर मनावर घेतले जात नाही. ही उणीव शासनाचीच आहे. शेतकऱ्याला अनुदाने द्यावयाची आणि त्या अनुदानावर वाढलेले पीक चोराच्या हाती जाऊ द्यावयाचे, हा कारभार छिद्र पडलेल्या घागरीत पाणी भरण्यासारखा आहे. कृषी, पशुसंवर्धन, पंचायत आणि पोलीस या चार खात्यांनी हंगामापूर्वी प्रत्येक तालुक्यात एक दिवस एकत्र बसावे आणि त्या बैठकीला गावोगावच्या राखण समित्यांना बोलवावे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, नवा खर्चही लागत नाही.

तरीही शासनाची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. पुढल्या रविवारी ज्या ज्या गावी ग्रामसभा भरेल तेथे एका शेतकऱ्याने उठून वहीचा विषय मांडावा आणि पहिली नोंद स्वतःची करावी. दुसऱ्याने त्याला अनुमोदन द्यावे. दर ग्रामसभेत रस्त्यांवर, गटारांवर आणि दिव्यांवर तासन् तास वाद घालणाऱ्या आम्हांला आमच्याच अन्नाच्या राखणीसाठी अर्धा तास निश्चित काढता येईल. शेजाऱ्याच्या बागेत रात्री नारळ पडल्याचे ऐकून ज्या दिवशी चार घरांचे दिवे एकदम लागतील, त्या दिवशी त्या गावात पुन्हा येण्याचे धाडस चोर करणार नाही, आणि शेती सोडण्याच्या बेतात असलेला एखादा बागायतदार आणखी एक वर्ष माडांना आळी करील.